निवृत्तीने पिल्लांना जेवू घातलं

एका गावात निवृत्ती नावाचा एक भोळा गडी होता. किती भोळा? सांगितलेलं सगळं करायचा. तेवढंच करायचा. म्हणून तर त्याला कुठे नोकरी टिकेना. त्यात बायको गोदा सात महिन्यांची गरोदर. शेवटी शालनताईंनी त्याला आपल्या हॅचरीत अंडी उबवायच्या कामाला ठेवला.

गोदाने हात जोडले. "अहो, एवढी नोकरी तरी टिकवा. ताई सांगतील तसंच करा."

अंडी मशीनमध्ये ठेवून अठरा दिवस झाले. ताई म्हणाल्या, "पिल्लं बाहेर यायच्या आधीच त्यांना खायला द्यायचं असतं. म्हणजे दणकट निघतात."

निवृत्तीने अंड्यांपुढे तांदळाच्या कण्या ठेवल्या अन् बसून राहिला. कुणी जेवेना.

"अरे देवा! जो आत आहे त्याला आतच द्यावं लागतं. बारीक भोकातून, थेंब थेंब." अन् ताईंनी सुईने कसं देतात ते करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ताईंचे मालक न्हाणीघरात होते. ताई म्हणाल्या, "ह्यांना चहा दे रे."

निवृत्ती स्टुलावर चढला. झरोक्यातून चहा सोडला, थेंब थेंब, थेट टकलावर. मालक टॉवेल गुंडाळून बोंबलत बाहेर!

"मेल्या, आधी टकटक करावी! झालं का, म्हणून विचारावं!" ताई ओरडल्या.

"बरं ताई."

संध्याकाळपर्यंत त्याने बारा अंड्यांवर टकटक केली. "झालं का?" बाराही अंड्यांचं झालंच.

ताईंनी कपाळाला हात लावला. "आता अंड्याला बोट लावशील तर खबरदार! हे मशीनच त्यांची आई. काय ते आई बघेल. आणखी एक चूक, की नोकरी गेली!"

निवृत्ती रडवेला होऊन घरी आला. "गोदे, बाळ आत असताना त्याला जेवू कोण घालतं गं?"

गोदा लाजली. "आई जेवली की त्याला पोचतं. म्हणून तर उद्या माझं डोहाळजेवण."

निवृत्तीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

दुसऱ्या दिवशी बायका जमल्या. बघतात तर ताट नाही, हिरवी साडी नाही, ओटीचा नारळ नाही अन् नवराही नाही! सगळ्या धावल्या हॅचरीत. मशीन हिरवी साडी नेसून, गजरा माळून उभं. निवृत्ती त्याच्या जाळीत पुरणपोळी कोंबतोय, पंखा पुरण परत त्याच्या मिशांवर उडवतोय.

"खा गं बाई, खा. पाचशे जिवांची आहेस तू!"

ताई मटकन खाली बसल्या. गोदाला रडू कोसळलं. "अहो, ते माझं डोहाळजेवण होतं!"

"असं काय करतेस, गोदे?" निवृत्ती म्हणाला. "तुला अजून दोन महिने आहेत. ही उद्याच बाळंत होणार!"