उसाचा पहिला करवा

एका राज्यात अशी रीत होती, की लेक सासरी निघाली म्हणजे बापाने आपल्या दातांनी ऊस सोलावा आणि पहिला करवा तिच्या हातावर ठेवावा. त्यावाचून पालखी हलत नसे. राजकन्या मृणालरेखेची पाठवणी महिन्यावर आली होती, आणि राजा चंद्रभान वर्षभर तोंडाला शेला लावून बसला होता. लेकीला वाटे, बाबा आपल्यावरच रुसले.

एके दिवशी खिडकीतली साळुंकी म्हणाली, "राजा रुसला नाही, राजकन्ये. शेल्यावरचे रक्त बघ."

मृणालरेखेने पित्याचे पाय धरले, तेव्हा कुठे तो बोलला. तरुणपणी त्याने तळ्यातल्या यक्षाची रत्ने लुटली होती. यक्षाने शाप दिला, "माझे खडे तुझ्या हिरड्यांखाली वाढतील." हिरड्या सुजल्या, मागे सरल्या, दात हलू लागले. घासताना रक्त येई, म्हणून राजाने घासणेच सोडले, आणि खड्यांचे आयतेच फावले.

"मला का नाही सांगितलेत?"

"लाज वाटली, बाळ."

साळुंकीला खांद्यावर घेऊन राजकन्या सात टेकड्यांपलीकडे, दातांची दुखणी जाणणाऱ्या करवंदा चेटकिणीकडे गेली.

चेटकीण म्हणाली, "येते. अटी तीन. राजाने लाज सोडून तोंड उघडावे. तीन सकाळी मी खडे खरवडेन, तेव्हा हूं की चूं करू नये. आणि रोज दोनदा मऊ काडीने हलक्या हाताने हिरडीचा काठ साफ करावा, जन्मभर."

"मागे गेलेली हिरडी परत येईल?"

"नाही. आहे ती राखता येईल."

तोंड उघडताना राजाचे डोळे भरले. लेकीने त्याचा हात धरला. चांदीच्या आकडीने तीन सकाळी खडे निघाले, तिळाएवढे, काळेपिवळे. मृणालरेखेने ते लुटीच्या रत्नांसह तळ्यात सोडले. पाणी म्हणाले, "पावले." शाप सुटला, रक्त थांबले, दात हळूहळू घट्ट झाले. तिसरी अट मात्र शापाहून चिवट. राजा रोज विसरे, आणि साळुंकी रोज त्याच्या कानाला चोच मारी.

पाठवणीच्या दिवशी राजाने ऊस दाढेत धरला. साल कर्रकन निघाली. पांढऱ्या करव्यावर रक्ताचा ठिपकाही नव्हता. शेला टाकून राजा हसला. दात लांब दिसत होते, मधे फटी होत्या.

"बाबा, असेच हसत राहा," मृणालरेखा म्हणाली. करवा चघळताना तिला रडू आवरेना. पालखी हलली.

त्या संध्याकाळी साळुंकी चोच मारायला आली, तर राजा आधीच मऊ काडी घेऊन बसला होता.