उष्ट्या पत्रावळींची मोजणी

एकदा एका मुलखात सलग दुसऱ्या वर्षी दुष्काळ पडला. तेव्हा एका व्यापाऱ्याने अन्नछत्र उघडले आणि त्याची व्यवस्था एका वृद्ध गुरुजींच्या शिष्याकडे सोपवली. व्यापारी मनाने वाईट नव्हता. फक्त आपला पैसा किती माणसांच्या पोटी लागला, हे त्याला रोज कळायला हवे होते. शिष्याने सोपी युक्ती काढली. संध्याकाळी उकिरड्यावरच्या उष्ट्या पत्रावळी मोजायच्या आणि दिवसाच्या खर्चाला त्या संख्येने भागायचे.

पंगत वाढत गेली, तसा माणशी खर्च दोन आण्यांवरून एका आण्यावर आला. घाटावरच्या वस्तीने निरोप धाडला होता, की आमच्याने खाली उतरवत नाही, एक हंडा वर पाठवा. शिष्याने हिशेब केला. वर एक जेवण पोचवायला तीन आणे पडत होते. तेवढ्यात खाली तिघे जेवत. हंडा गेला नाही. मला या शिष्याचा राग येतो आणि कीवही येते, कारण त्याने स्वतःच्या खिशात एक पैसाही घातला नव्हता.

दोन महिन्यांनी गुरुजी यात्रेहून घाटवाटेने परतले. त्याच दिवशी व्यापारी शिष्याला शाल पांघरवणार होता. गुरुजींच्या हातांना माती लागलेली होती. त्यांनी कोऱ्या पत्रावळींचा गठ्ठा घेतला आणि अंगणात तेवीस पत्रावळी मांडल्या.

“गुरुजी, पंगत केव्हाच उठली. आता कोण जेवणार?” शिष्याने विचारले.

“कोणी नाही. घाटावरच्या तेवीस जणांना माती देऊन आलो. शेवटची म्हातारी काल गेली.”

“पण माझा हिशेब चुकला नव्हता,” शिष्य पुटपुटला.

“भागाकार अचूक आहे, बाळ. पण तू उष्ट्या पत्रावळी मोजल्यास. जो येऊच शकला नाही, त्याची पत्रावळ उष्टी होत नाही. इथे आलेल्यांच्या पायांत निदान चालायचे बळ होते. त्यातल्या कित्येकांनी अर्ध्या भाकरीवरही तग धरला असता. त्या तेवीस जणांना दुसरा आधारच नव्हता. पैसा जपून वापरावा, दुसऱ्याचा असेल तर अधिकच. पण स्वस्त काय पडते एवढेच विचारत गेलास, तर मरणाऱ्याला सोडून देणे सगळ्यांत स्वस्त पडते. आज घाटावर माणशी खर्च शून्य आहे.”

व्यापाऱ्याने शालीची घडी बाजूला ठेवली.

“घाटापलीकडच्या वाडीत सकाळी लांबून एका चुलीचा धूर दिसला होता,” गुरुजी म्हणाले.

शिष्याने हंडा भरून कावडीला बांधला.

“तिकडे माणशी काय पडेल?” व्यापाऱ्याने सवयीने विचारले आणि विचारताच त्याची मान खाली गेली.

“शेठजी, आधी माणसे किती उरली आहेत ते बघून येतो,” शिष्य म्हणाला आणि घाटाच्या वाटेला लागला.