कापशाची खोड

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात एक सुईण राहायची. गावातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली, त्यामुळे लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत. या मावशीला एक खूळ होतं. कुणी टाकून दिलेलं, लंगडं, म्हातारं, खरजेनं भरलेलं कुत्रं दिसलं, की ती त्याला घरी आणायची. औषधपाणी करायची, खाऊपिऊ घालून माणसाळवायची आणि मग आठवड्याच्या बाजारात बसून त्याच्यासाठी घर शोधायची. लोक थट्टा करत, "मावशी आमची पोरं आमच्या पदरात टाकते आन् कुत्र्यांची आपल्या पदरात घेते." मावशी हसून पुढच्या कुत्र्याला भाकरी चुरायला बसे.

त्या गावाची एक रीत होती. जनावर दुसऱ्याच्या हवाली करताना, दावं हातात देण्याआधी, त्याचा एक गुण आणि एक खोड मोठ्यानं सांगायची. गाय असो, घोडा असो, नाहीतर कोंबडा असो. "दूध भरपूर देते, पण लाथ मारते," असं. खोड ऐकूनही ज्यानं दावं धरलं, त्याला मागाहून तक्रार करायला तोंड नसे. मावशीनं ही रीत कधी मोडली नव्हती. तीन पायांची कुत्री, एका डोळ्याचा कुत्रा, रात्रंदिवस उगाच भुंकणारं एक म्हातारं कुत्रं, सगळ्यांना तिनं खोडीसकट घरं मिळवून दिली होती. मग कापशा आला.

कापशा पांढराशुभ्र, उमदा, डोळ्यांत नुसती माया. आणि ठार बहिरा. मागे थाळी वाजली तरी त्याचा कान हलत नसे. हाक मारून काही उपयोग नव्हता, पण भुईवर टाच आपटली की तो हादरा त्याला पोटाशी कळायचा आणि तो चटकन मान वर करायचा. निजलेला असताना मात्र कुणी अचानक हात लावला, तर बिचारा दचकून दात दाखवायचा.

मावशीला काळजी पडली. लंगडं कुत्रं निदान राखण तरी करतं. बहिऱ्याला कोण नेणार? तिनं बराच विचार केला आणि एक भलतीच युक्ती काढली. बाजारात गिऱ्हाईक समोर आलं, की ती "कापशा!" अशी खणखणीत हाक मारायची आणि त्याच क्षणी लुगड्याच्या घोळाआड हळूच टाच आपटायची. कापशा टुणकन उठायचा. लोक म्हणायचे, "काय शहाणं जनावर!" मग मावशी दावं पुढे करून म्हणायची, "गुण म्हणाल तर मायाळू. खोड म्हणाल तर जरा खादाड."

खादाड तो होताच. तेव्हा आपण खोटं काही बोललो नाही, असं ती मनाला बजावायची. मनाला काही ते पटत नसे.

पहिल्यांदा एका धनगरानं त्याला नेलं. थोड्याच दिवसांत तो कापशाला घेऊन दारात उभा. "मावशे, लांडगा वाड्यात शिरला, कोकरू उचलून नेलं, आन् ह्यो निजलेला! घे तुझं कुत्रं." मग वाण्यानं नेलं. वाण्याची म्हातारी आई, सगळ्या गावाची आजी, निजलेल्या कापशाला कुरवाळायला गेली आणि तो तिच्या हाताला चावला. हळद लावून तो हात बांधायला बोलावलं कुणाला, तर मावशीलाच. पट्टी बांधताना मावशीची मान काही वर झाली नाही. कापशा पुन्हा तिच्याच घरी आला.

पाटलानं मावशीला चावडीवर बोलावलं. "मावशी, माझा जन्म तुझ्या हातावरचा, म्हणून इतके दिवस गप होतो. पर आता कुत्रं चावायला लागलं. येत्या बाजारात ह्याला घर मिळालं तर ठीक. न्हाईतर बाजार उठला, की कोतवाल ह्याला नदीपल्याडच्या रानात सोडून येईल."

नदीपल्याडच्या रानात बिबटे होते. डोळ्यांना दिसेल, नाकाला वास येईल, पण मागून येणाऱ्याचं पाऊल कापशाला कसं ऐकू जाणार? मावशीच्या घशाखाली घास उतरेना. ती भाकरी त्याच्यापुढे सरकवायची आणि तो खादाड ती मजेत खायचा.

बाजाराचा दिवस उजाडला. मावशी सकाळपासून चिंचेखाली कापशाला घेऊन बसली. हाक मारून आणि टाच आपटून तिचा पाय दुखायला लागला. पण धनगराची आणि आजीची गोष्ट सगळीकडे झाली होती. लोक लांबूनच बघायचे आणि पुढे जायचे. ऊन कललं. भाजीवाल्या पाट्या आवरायला लागल्या. पलीकडे कोतवाल दोर घेऊन उभाच होता.

इतक्यात परगावचं एक जोडपं आलं. बरोबर त्यांची छोटी मुलगी होती. तिनं कापशाला पाहिलं आणि धावत येऊन त्याच्या गळ्यात हातच टाकले. कापशानंही तिचं तोंड चाटून काढलं. मुलीची आई हसली. "किती गोड आहे हो! हाकेला येतो का?"

मावशीनं हाक मारली. टाच आपटली. कापशानं मान वर केली.

"हाच न्यायचा," मुलगी म्हणाली. तिच्या बापानं दाव्यासाठी हात पुढे केला. "मावशी, तुमच्या गावची रीत ऐकली आहे. गुण आणि खोड सांगा, म्हणजे आम्ही निघतो."

दोन शब्द बोलले की सुटले, मावशीला वाटलं. जरा खादाड. एवढंच म्हणायचं, की कापशा वाचला. कोतवाल जवळ येत होता. तिनं मुलीचा इवलासा हात पाहिला. हा हात उद्या निजलेल्या कापशाच्या पाठीवर पडणार. आजीच्या हाताला बांधलेली पट्टी तिला आठवली.

"गुण असा, की फार मायाळू," ती म्हणाली. "खोड अशी, की बहिरा आहे. टाचेच्या हादऱ्यानं उठतो, हाकेनं नाही. झोपेत हात लावला, तर चावेल. लेकराच्या घरी नका नेऊ."

आईनं मुलीला चटकन मागे ओढलं. "सांगितलंत, उपकार झाले," एवढंच बोलून ती माणसं निघून गेली. मुलगी मागे वळून वळून बघत रडत होती. मावशीनं कापशाचं डोकं पोटाशी धरलं.

शेजारी भांडी मांडून बसलेला एक म्हातारा तांबट हे सगळं पाहत होता. तो उठून आला आणि कानामागे हात धरून ओरडला, "काय सांगितलंस त्यास्नी?"

"बहिरा आहे!" मावशी म्हणाली.

"काय? जरा मोठ्यानं!"

आता लपवण्यासारखं राहिलं तरी काय होतं? मावशी जिवाच्या आकांतानं ओरडली, "बहिरा आहे! कापशा ठार बहिरा आहे!"

अख्खा बाजार वळून बघायला लागला. त्या गर्दीतून पट्टी बांधलेल्या हाताची आजी काठी टेकत पुढे आली. "आगं, हे मला आधी सांगितलं असतंस, तर म्या त्याला समोरून हात लावला असता की गं!"

मावशीला रडू आवरेना. "चुकले, आजी. कुणी नेणार न्हाई म्हणून भ्याले."

तांबट मात्र खो खो हसत सुटला. "आता पंचाईत कसली! बाई, कारखान्याच्या राखणीला म्या किती कुत्री नेली म्हाईत हाय? हातोडे सुरू झाले की शेपूट घालून पळत्यात. येक तर कडी तोडून गेलं. ह्याला हातोड्यांचं भ्याव न्हाई, आन् चोराचं जड पाऊल भुईतनं कळंल. आन् जन्मभर तांबं ठोकून आमचं तरी कान कुठं राहिलंत? घरात समदी हातानंच बोलत्यात." त्यानं भुईवर टाच आपटली. कापशानं मान वर केली. म्हाताऱ्यानं हातानं खूण केली, "ये." कापशा क्षणभर त्याच्या हाताकडे बघत राहिला. मग शेपूट हलवत त्याच्यापाशी गेला.

"तुझी टाच मला सकाळीच दिसली होती," दावं हातात घेत तांबट म्हणाला. "म्हटलं, ही बाई खोड चोरती. आपुन न्हाई घ्यायचं हिच्याकडचं कुत्रं. ती माणसं दावं न घेता गेली, तवा इचारायला उठलो. खरं बोललीस, म्हणून नेतो."

कोतवालानं दोर गुंडाळला आणि तो चावडीकडे गेला. मावशीनं जाऊन आजीचे पाय धरले आणि धनगराकडेही जाऊन त्याची माफी मागितली.

पुढच्या बाजारापर्यंत मावशीला स्वस्थ झोप लागली नाही. कुणी दार वाजवलं की वाटायचं, आला कापशा परत. शेवटी न राहवून ती तांबटाच्या घरी गेली. लांबूनच ठणठणाट ऐकू येत होता. आत सगळे हातोडे एकदम चालले होते आणि त्यांच्या मधोमध, ऐरणीशेजारी, त्या हादऱ्यांना सरावलेला कापशा चारी पाय पसरून गाढ झोपला होता.

मावशीनं सवयीनं टाच उचलली आणि तशीच अलगद खाली टेकवली.

तात्पर्य असं, की ज्याची उणीव आपण मायेपोटी झाकतो, त्या उणिवेसकट त्याला सांभाळणारं घरही आपणच झाकून टाकतो.