राजपुत्रांच्या भाताचं माप

"उद्याच्या पंगतीला माप हजर कर, नाहीतर गाशा गुंडाळ आणि राज्याबाहेर चालता हो!" भद्रसेन राजा मुदपाकखान्याच्या दारात गरजला. रखमाजी आचाऱ्याच्या हातातला झारा गळून पडला.

झालं होतं ते असं. राजाला दोन मुलगे. धाकटा पाच वर्षांचा, थोरला बारा. "माझे दोन्ही पुत्र समान!" म्हणून दोघांना सारखाच चांदीचा वाडगा, काठोकाठ भात भरलेला. तो संपल्याशिवाय उठायचं नाही, असा राजाचा हुकूम. धाकट्याच्या पोटाचा रोज नगारा व्हायचा. थोरला वाडगा चाटूनपुसून उपाशीच, मग कोठीतले लाडू पळवायचा. वैद्यबुवा भीत भीत म्हणाले, "महाराज, माप चुकतंय." आता राजाची चूक कशी असेल? चूक आचाऱ्याची!

"माप दोघांना एकच हवं," राजानं बजावलं. "पण धाकट्याला जास्त होता कामा नये आणि थोरल्याला कमी पडता कामा नये. पोरं वाढली तरी माप बदलावं लागू नये. आणि हो, कार्टी सगळं हरवतात. हे हरवता कामा नये!"

भांडी घडवणाऱ्या तांबटानं असलं माप ऐकूनच हात जोडले. रखमाजी गुपचूप सामान बांधायला लागला. भांडी घासणारी त्याची लेक येसू मात्र फणकारली. गाव सुटणार याचं तिलाही वाईट वाटत होतं, पण त्याहून राग मोठा होता.

"वाडगा ठरवणार राजा, आणि देशोधडीला लागायचं आपण? बाबा, गाठोडं सोडा. उद्या वाढायला मी जाते."

दुसऱ्या दिवशी येसूनं राजपुत्रांपुढे नुसती केळीची पानं मांडली.

"माप कुठाय?" राजानं डोळे वटारले.

"राजपुत्रांनी सोबतच आणलंय, महाराज. युवराज, हात धुऊन ओंजळ करा बरं!"

धाकट्यानं चिमुकली ओंजळ पुढे केली. येसूनं तिच्यात मावेल तेवढाच भात पानावर वाढला. थोरल्याची ओंजळ मोठी, त्याला त्याच्या ओंजळीएवढा. धाकटा आज पोट न धरता उठला. थोरल्यानं ढेकर दिला आणि कोठीकडे बघितलंसुद्धा नाही.

"माप एकच, महाराज. ज्याची त्याची ओंजळ!"

"आणि पुढच्या वर्षी?"

"पोराबरोबर तीही वाढेल."

"हरवली तर?"

"मनगटाला घट्ट जोडलीय. देवाचं काम आहे, तांबटाचं नाही!"

तेवढ्यात धाकटा ओरडला, "आबासाहेब, तुमची ओंजळ दाखवा ना!" राजापुढे भाताचा डोंगर होता. सगळी पंगत खाली मान घालून जेवू लागली.

"महाराजांचं वेगळं असतं, युवराज," येसू गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. "सगळ्या प्रजेची काळजी पोटात ठेवायची, तर पोट तेवढं नको का?"

रखमाजीनं डोळे मिटून घेतले. आणि राजा हसत सुटला! इतका हसला की कमरेचा शेला सुटला.

"रखमाजीची नोकरी कायम! आणि पोरी, तुला ओंजळभर मोती. कर ओंजळ पुढे!"

येसूनं हात पाठीमागे नेले. "आपल्या ओंजळीनं द्यावेत, महाराज."

"का गं? आत्ताच म्हणालीस ना, ज्याची त्याची ओंजळ?"

"खाताना खाणाऱ्याची, महाराज. देताना देणाऱ्याची!"

राजा पुन्हा खदखदून हसला आणि त्यानं आपले दोन्ही भलेथोरले हात मोत्यांच्या तबकात खुपसले.