हाक कोतवालाची, सावली कोणाची?

सकाळचे नऊ वाजले होते. स्थळ, ओढ्याकाठच्या मोठ्या वडाखालचे मैदान. सुगीच्या सणाला तीन दिवस उरले होते आणि मैदानात सणाचा बाजार भरला होता. मुलांनो, वेळ आणि जागा आधीच सांगून टाकली, कारण पुढे जे घडले ते अंधारात किंवा आडवाटेला घडले नाही. लख्ख उन्हात, साऱ्या जंगलाच्या समोर घडले. तरीही नंतर काही मोठ्या मंडळींनी नीट काही दिसले नाही असे सांगितले.

याच जंगलात, वडापासून हाकेच्या अंतरावर, बेहड्याच्या ढोलीत एक खार राहत असे. तिला नुकतीच तीन पिल्ले झाली होती. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, करंगळीएवढे जीव. यंदा थंडी लवकर उतरली. पहाटे ढोलीचे लाकूडच अंगाला चावत असे. पिल्लांच्या खाली सावरीचा कापूस अंथरला तर ती तगणार होती. नाही तर काय होते, ते खारीने मागच्या हिवाळ्यात पाहिले होते.

सावरीची बोंडे फुटतात उन्हाळ्यात. थंडीच्या तोंडावर तो कापूस एका सुगरणीकडेच मिळतो, कारण ती उन्हातान्हात तो वेचून, झाडून घरट्यात भरून ठेवते. म्हणून खारीने पावसाळाभर चारोळ्या जपल्या होत्या. भूक लागली तर झाडाची साल चावली, पण चारोळ्यांना तोंड लावले नाही. त्या सगळ्या घेऊन ती त्या सकाळी बाजारात आली.

बाजार भरात होता. सागाच्या पानांवर आवळे, सीताफळे, शेतातून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगा, पोळ्याचे मधाळ तुकडे. खारीने सुगरणीपुढे चारोळ्या ओतल्या. सुगरणीने एक चोचीने फोडून पाहिली. मग दुसरी फोडली. तिसऱ्यांदा चोच पुढे आली तेव्हा खार म्हणाली, "सुगरणताई, चव बघताय की जेवताय?"

सुगरण हसली आणि सौदा झाला. तिने कापसाचे गुबगुबीत पुडके केले आणि हिरव्या गवताच्या पात्याने बांधले. त्या बांधण्याकडे लक्ष द्या. सुगरणीची गाठ जंगलात दुसऱ्या कोणाला येत नाही. ती सोडवताही येत नाही, कुरतडावी लागते.

शेजारीच एक म्हातारे कासव धापा टाकत नुकते पोचले होते. खारीने पुडके तोंडात धरण्याआधी त्याला विचारले, "आजोबा, या सणाच्या खरेदीला निघाला होतात की मागच्या?"

"मागच्या," कासव शांतपणे म्हणाले. "पण बघ, सणाआधी पोचलो की नाही?"

आता कोतवालाबद्दल सांगायला हवे. कोतवाल म्हणजे तो काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. आकाराने मूठभर, पण ससाण्याच्या अंगावर धावून जाणारा. बाजाराची राखण त्याच्याकडे. वडाच्या एका वाळक्या फांदीवर तो बसे आणि सकाळच्या उन्हात त्याची सावली मैदानाच्या मधोमध पडे. सावलीत शेपटीची दोन टोके स्पष्ट दिसत. सशांची पिल्ले त्या दोन टोकांमधून उड्या मारण्याचा खेळ खेळत. असे पिल्लू जंगलात नव्हते ज्याला ती सावली ठाऊक नव्हती.

आणि जंगलाचा एक नियम होता. कोतवालाने धोक्याची हाक दिली की तोंडातले, पंजातले, पाठीवरचे, जे असेल ते तिथेच टाकायचे आणि पळायचे. मागे पाहायचे नाही, कोणाला विचारायचे नाही. ओझ्यासकट पळणारा पहिला सापडतो, हे जंगलाने फार किंमत देऊन शिकले होते. पिल्लू चालायला लागण्याआधी त्याला हा नियम शिकवत. या नियमाने कितीतरी जीव वाचवले होते. नियम वाईट नव्हता, हे लक्षात ठेवा.

खारीने पुडके तोंडात धरले, दोन उड्या मारल्या, आणि वरून हाक आली. तीच तीक्ष्ण, कापत जाणारी हाक. एकदा, दोनदा, तीनदा.

पुढचे काही क्षण मैदानात नुसते पाय होते. ससे बिळांकडे, लावे झुडपांत, हरणे ओढ्यापार. आवळे पायांखाली फुटले. कासवाच्या पाठीवरून सारा बाजार धावत गेला. खारीने पुडके टाकले. तिला टाकायचे नव्हते. पण तिला तसे शिकवले होते, आणि दात आपोआप उघडले. ती बेहड्यावर चढली आणि पिल्लांवर अंग पसरून पडून राहिली.

बराच वेळ गेला. आकाशात ससाणा दिसला नाही. वाघाची डरकाळी आली नाही. एकेक जण दबकत परतला.

मैदान रिकामे होते. सगळेच्या सगळे. आवळे नव्हते, शेंगा नव्हत्या, मध नव्हता. सुगरणीचा उन्हाळाभराचा कापूस नव्हता आणि खारीच्या चारोळ्याही नव्हत्या. ज्या सागाच्या पानांवर माल मांडला होता ती पानेसुद्धा नेली होती. मधोमध फक्त कासव होते, कवचात मिटून बसलेले.

बाजाराचा मुखिया होता एक वानर. बाजार सांभाळायचा म्हणून प्रत्येक पानावरचे पहिले फळ तो घेत असे. तो सावकाश फांदीवरून उतरला, सगळ्यांना गोल बसवले आणि म्हणाला, "सणासुदीत हे व्हायचंच. गर्दी असते. ज्याने त्याने आपली वस्तू सांभाळायला हवी होती. घट्ट धरून पळायला काय झालं होतं?"

हाच वानर दर वर्षी पिल्लांना रांगेत उभे करून "टाका आणि पळा" असे घोकून घेत असे. आणि आज त्याच्याच नियमाने ज्यांचे गेले, त्यांनाच तो दोष देत होता. सुगरणीने तसे म्हणून दाखवले. वानराने ऐकू न आल्यासारखे केले.

तेवढ्यात कासवाने मान बाहेर काढली. ते म्हणाले, मला पळता येत नाही. हाक आली की मी जागच्या जागी आत जातो, आणि आत बसून करायला दुसरे काही नसते म्हणून बाहेर बघतो. मग त्याने पाहिलेले सांगितले. आधी घाबरलेले पाय गेले. मैदान शांत झाले. मग करवंदीच्या जाळीतून बारा पाय आले, तीन कोल्ह्यांचे. ते पाय पळत नव्हते. दबकतही नव्हते. आपल्याच शेतात पीक काढायला आल्यासारखे चालत होते. त्यांनी एकेका पानाची चारी टोके उचलली, माल आत गोळा केला आणि ओढत नेला. सुगरणीचा कापूस त्यांनी सर्वांत आधी उचलला, आणि तो ओढ्याकडे नाही, मोहाच्या झाडाकडे नेला.

"वाघ असेल तर कोल्हे कसे येतील?" एका सशाने विचारले.

"तेच," कासव म्हणाले. "म्हणून मी सावली पाहिली. वाळक्या फांदीवर कोणीतरी बसलं होतं. पण सावलीची शेपटी दुभंगलेली नव्हती. आखूड होती, बोथट."

वानर म्हणाला, "आजोबा, तुमचं वय झालं. कवचातून कितीसं दिसणार?"

"जमिनीवरचं दिसतं, वानरदादा. आणि सावली जमिनीवरच पडते."

कासवाचे अजून संपले नव्हते. काम आटोपल्यावर ती सावली फांदीवरून उतरली आणि कोल्ह्यांच्या पंजांमध्ये दोन बारीक पाय उड्या मारू लागले. हळदीसारखे पिवळे पाय. सगळ्यांना एकदम कळले. मैना. जी एकदा ऐकलेला कोणाचाही आवाज हुबेहूब काढते. सणाच्या आधीचे पंधरा दिवस ती रोज वडावर येऊन बसत होती, आणि सगळे म्हणत होते, काय गोड पक्षी आहे.

शोध घेतला. मैना नव्हती, कोल्हे नव्हते. डोंगरापलीकडे गेले असतील, असे वानर म्हणाला. पण कोतवाल कुठे होता?

कोतवाल आला दुपारी. धापा टाकत, पंख विस्कटलेले. रिकामे मैदान पाहून तो वाळक्या फांदीवर बसलाच नाही, जमिनीवर उतरला. तो म्हणाला, "मला वानरदादांनीच पाठवलं. पहाटे पानांआडून म्हणाले, टेकडीपलीकडच्या चिंचेवर जाऊन थांब, तिकडे ससाणा दिसलाय. मी गेलो. तिथे काहीच नव्हतं."

सगळ्या माना वानराकडे वळल्या. वानराने डोळ्यांची पापणी हलू दिली नाही. "तू मला पाहिलंस?"

"नाही. पण आवाज तुमचाच होता."

"मग मैनेनेच माझाही आवाज काढला असेल. तू राखणदार ना रे? साधं पान बाजूला करून बघता आलं नाही?"

ओळखीच्या आवाजाला कोतवालही फसला होता, आणि आपण काय केले नाही हे त्याला नीट कळत होते. वानराने विषय मिटला म्हणून जाहीर केले आणि सगळ्यांना सणाची तयारी करायला घरी पाठवले. तयारी कशाने करायची, ते सांगितले नाही.

जाता जाता कोतवाल हलक्या आवाजात म्हणाला, "तुमचा माल पुढच्या सुगीला पुन्हा जमेल. माझी हाक गेली."

खरेच गेली होती. त्या दिवसापासून हाक आली की अर्धे जंगल आधी जमिनीकडे बघते, मग पळते. बघायलाच हवे, दुसरा इलाज नाही. पण ससाण्याला तेवढा क्षण पुरतो. चोरांनी आवळे नेले, शेंगा नेल्या, आणि त्याबरोबर हेही नेले. याची भरपाई कोण करणार, ते कोणी बोलत नाही.

खारीने त्या संध्याकाळी वाळके गवत आणले, ते पिल्लांना टोचू लागले. मग सालीचे धागे सोलून आणले. तीन रात्री ती तिन्ही पिल्लांवर आळीपाळीने अंग टाकून झोपली. एक शेपूट तिघांना पुरेना. सणाच्या पहाटे धाकटे पिल्लू हलले नाही. तिने त्याला चाटले, उलटवले, पुन्हा चाटले. मग ती उरलेल्या दोघांसाठी सालीचे धागे शोधायला बाहेर पडली, कारण रडत बसायला तिला वेळ नव्हता.

चांगल्या सालीचे झाड म्हणजे मोह. ती वर चढली. उंचावर एक रुंद बेचके होते, जिथे वानर रोज झोपत असे. वानर सणाच्या फराळाला गेला होता. बेचक्यात पांढरेशुभ्र काही चमकत होते. सावरीचा कापूस. दाबून बसलेला, मधोमध अंगाचा खळगा पडलेला. आणि कडेला एक पुडके अजून न उघडलेले, हिरव्या पात्याने बांधलेले. पात्याला सुगरणीची गाठ होती.

खारीने ते पुडके उचलले नाही. ती तिथेच बसून राहिली. वानर परत आला, तिला पाहून थबकला. खार वर बसलेली पाहून खाली तोवर सुगरण आली होती, कोतवाल आला होता, कासवही वडापासून निघून मोहाजवळ पोचले होते.

"वानरदादा," खार म्हणाली, "तुमच्या बेचक्यात सावरीचा कापूस आहे."

"वाऱ्याने उडून आला असेल."

त्या आठवड्यात वारा नव्हता. पान हलत नव्हते. खारीने ते बोलून दाखवले नाही. तिने फक्त विचारले, "आणि गाठ?"

वानराने खाली जमलेल्यांकडे पाहिले, मग शेजारच्या झाडाकडे पाहिले, आणि उडी मारून निघून गेला. तेव्हा कुठे खारीने पुडके तोंडात धरले. ते घेऊन ती घरी गेली. दोन पिल्ले त्यात झोपतात. तिसऱ्यापुरती जागा त्यात रिकामी राहते.

तात्पर्य : जी हाक घाई करायला लावते ती कितीही ओळखीची असो, हातातले टाकण्याआधी हाक देणाऱ्याची सावली पाहून घ्या; आणि सावली फसवी निघाली तर ज्याचे गेले त्याला दोष देऊ नका, ज्याने राखण करायची होती त्याला विचारा. सुगरणीची गाठ मुखियाच्या बेचक्यात कशी आली, हे खारीने विचारले आहे. पुढच्या सणाचा बाजार वडाखाली मांडायला सुरुवात झाली आहे, मुखिया तोच आहे, आणि उत्तर अजून कोणी दिलेले नाही.