वीस लिटर कुणाचे?

एकदा एका मोटारीत एक म्हातारा जाऊन बसला, आणि काही केल्या उतरेना.

मोटार खरी नव्हती. लाकूड, फोम आणि पत्रा यांचा तो खऱ्या मापाचा नमुना होता. चाकं होती, इंजिन नव्हतं. कारखान्याच्या मधल्या दालनात तो पांढऱ्या दिव्यांखाली उभा होता आणि त्याच्याभोवती आठ-नऊ माणसं ठेवणीतले कपडे घालून ताटकळत होती. अकरा वाजता मोठे साहेब नमुना पाहायला येणार होते. अकराला दहा कमी असताना म्हाताऱ्या मिस्त्रींनी मागचं दार उघडलं, आत शिरून ते बरोबर मधोमध बसले, पट्टा लावला आणि डोळे मिटून घेतले.

ज्या मुलीनं ही मोटार आखली होती तिचं नाव कृत्तिका. ती घाईनं दाराशी गेली.

हा कारखाना एक छोटी हायब्रिड मोटार बनवत असे. ती पेट्रोलवर चाले आणि बॅटरीवरही. इंधन कमी लागे, लोक कौतुक करीत. पण बॅटरी बसवली होती डिकीत. चौघं लग्नाला निघाली की दोन बॅगा डिकीत जात आणि दोन मांडीवर येत. गिऱ्हाइकांची बोलणी ऐकून विक्रेते कंटाळले. मग वरून हुकूम सुटला: मोटार बाहेरून बोटभरही वाढवायची नाही, आतून मात्र ऐसपैस करायची. पाच माणसं बसलीच पाहिजेत आणि डिकी सत्तर लिटरनं मोठी झालीच पाहिजे. असे हुकूम सोडायला फक्त तोंड लागतं. ते पाळणाऱ्याला मान मोडून बसावं लागतं. आणि जमलं नाही तर पुढची मोटार परदेशातली मंडळी आखणार होती. इथल्या आठ जणांच्या विभागाकडे मग त्यांच्या चित्रांच्या नकला काढण्याचं काम उरलं असतं.

कृत्तिका दहा महिने राबली. तिनं बॅटरी डिकीतून उचलली आणि मागच्या आसनाखाली नेली. डिकीत ठोकळे रचून पुन्हा मोजणी झाली, तेव्हा सत्तर लिटर जास्त भरले. तिनं विभागात पेढे वाटले. मिस्त्रींना वाकून नमस्कार केला, कारण गेली तीन वर्षं ती खरी शिकली होती ती त्यांच्याच हाताखाली. मिस्त्रींनी चाळीस वर्षं बसगाड्यांच्या बॉड्या बांधल्या होत्या. शिक्षण सातवीपर्यंत, पण पत्र्यावरून बोट फिरवून तो कुठं चुकला ते सांगत. कारखान्यानं त्यांना सल्ल्यासाठी ठेवून घेतलं होतं.

पेढा हातात घेऊन त्यांनी विचारलं होतं, "जागा आणलीस कुठून, पोरी?"

"बॅटरी हलवली, काका. झाली जागा!"

"झाली?" एवढंच म्हणून त्यांनी पेढा तोंडात टाकला होता.

आणि आज, ऐन परीक्षेच्या वेळी, ते असे ठाण मांडून बसले होते.

"काका, उतरा ना. साहेब आलेच."

"येऊ देत की."

"तुम्ही मध्ये बसलात तर त्यांना दिसणार काय?"

"मी कुठं बसलोय? इथं कुणी बसलेलं नाही."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. विभागातला बोरवणकर म्हणाला, "मिस्त्री, डुलकी काढायची असेल तर कॅन्टीनमागं बाक आहे."

"त्या बाकावर पाय तरी सरळ होतात, बाबा," डोळे न उघडता मिस्त्री म्हणाले.

तेवढ्यात सरपोतदार साहेब आलेच. माणूस आडव्या बांध्याचा, आवाज मोठा, पण मनानं वाईट नव्हता. त्यांनी नमुन्याला फेरी मारली, डिकी उघडली, आत वाकून पाहिलं. "वा! इथं तर बिऱ्हाड मावेल," असं म्हणत ते मागच्या दाराशी आले आणि थबकले.

"मिस्त्री? हे काय चाललंय?"

"प्रवास चाललाय, साहेब. नाशिकहून निघालोय. अजून संगमनेर यायचंय."

"चेष्टा पुरे. उतरा, आम्हाला बघू द्या."

"बघा की. तुमच्या कागदावर या ठिकाणी कुणीच नाही. मग मी आड कसा येईन?"

साहेबांनी हात पुढं केला. कृत्तिकानं आराखडा दिला. त्यावर माणसांच्या चार आकृत्या रेखल्या होत्या, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत मापं टाकून. मागच्या आसनाच्या मध्यभागी मात्र नुसती तुटक रेष होती. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: जागा पाच.

"पाचवा कुठाय?" साहेबांनी विचारलं.

कृत्तिकाचे कान तापले. "साहेब, मापाचा पुतळा आम्ही खिडकीपाशीच बसवतो. तशीच पद्धत आहे. मध्ये पट्टा दिला की जागा धरतात."

"धरतात!" आतून आवाज आला. "कागदावर पाच जागा आहेत, याला कोण नाही म्हणतंय? मी विचारतोय, पाच जणांना जागा आहे का?"

साहेबांचा फोन वाजला. "पंधरा मिनिटांत परत येतो," ते कृत्तिकाला म्हणाले, "तोवर हा घोळ निस्तरा." आणि बाहेर गेले. बाकीचेही काही ना काही निमित्त काढून पांगले.

कृत्तिका दाराशी वाकली. रागानं तिला रडू फुटायच्या बेतात होतं. "दहा महिने, काका! तुम्हीच असं करावं?"

मिस्त्रींनी डोळे उघडले. ते ठेंगणे होते, तरी त्यांची मान छताला टेकून एका बाजूला कलली होती. पायांमधून जमिनीचा उंचवटा गेला होता. एक गुडघा इकडे, एक तिकडे. हे तिला आत्ता दिसलं. या मोटारीतली प्रत्येक रेष तिनं आखली होती, तरी आत्ताच दिसलं.

"बॅटरी तापते, तिला हवा लागते," मिस्त्री म्हणाले. "ती हवा नेणारी नळी तू आधी कडेनं काढली होतीस. मी पाहिलं होतं ते चित्र. मग कडेची नळी मधून का नेलीस?"

"कडेनं नेली तर डिकीतले वीस लिटर जात होते."

"आणि मधून नेल्यावर गादी किती वर आली?"

"चार बोटं."

"म्हणजे तू मिळवलेस पन्नास. ते तुझ्या बुद्धीचे, त्यांना माझा नमस्कार. वरचे वीस तू उचललेस. जागा शेतात पिकत नाही, पोरी. ती कुणाकडून तरी येते, आणि जो बोलत नाही त्याच्याकडून सगळ्यात स्वस्त मिळते. मध्ये कोण बसतं? घरात ज्याला 'नको' म्हणता येत नाही, तो. मी मोठा साधू आहे असं समजू नकोस. शाळेच्या बसमध्ये दोन बाकं जास्त बसवून दे, म्हणाला मालक. मी प्रत्येक ओळीतून दोन-दोन बोटं कापली आणि दिली बसवून. मालकानं पाठ थोपटली. मुलं गुडघे चोळत उतरायची. तक्रार एकानंही केली नाही. मी त्यालाच कसब समजत होतो."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुझ्या डोक्याला पटलं असतं आणि आराखडा तसाच राहिला असता. हे मानेला कळावं लागतं. हात दे आता, गुडघे धरलेत."

तिनं हात दिला. ते कण्हत उतरले, आणि ती त्यांच्या जागी जाऊन बसली. पट्टा लावला. मिस्त्रींनी दार ओढून घेतलं.

आत शांत होतं. डोकं छताला लागत होतं. पाय कुठं ठेवावेत ते कळेना. आणि तिला शकुमावशी आठवली. मावशी त्यांच्याकडेच राहायची. लग्न केलं नव्हतं, स्वभाव गरीब. घरच्या मोटारीनं कुठंही निघालं की मावशी मध्ये. "तू बारीक आहेस, बस मध्ये," हे कुणी म्हणायचीसुद्धा गरज नव्हती. ती आपणहून जाऊन बसायची, खाऊची पिशवी मांडीवर घेऊन. सहा-सहा तासांनी उतरली की दाराला धरून क्षणभर उभी राहायची आणि म्हणायची, "छान झाला हं प्रवास." खिडकी कृत्तिकाची असायची. लहान होती ना ती.

साहेब परतले तेव्हा कृत्तिका तिथंच होती.

"आता तुम्ही?"

तिनं काच नसलेल्या खिडकीतून सांगितलं, "साहेब, पन्नास लिटर. सत्तर नाहीत."

"म्हणजे?"

तिनं नळीचं सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. "पन्नास घेऊन मी वर गेलो तर काम बाहेर जाईल, हे ठाऊक आहे ना? तुमच्या एकटीचं नाही, या आठही जणांचं."

दालनात मंडळी पुन्हा जमली होती. बोरवणकर जमिनीकडे पाहत होता. त्यानं गेल्याच महिन्यात घर घेतलं होतं. कृत्तिकानं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज थोडा हलला, पण थांबला नाही.

"मग पाचच्या ठिकाणी चार लिहा. सत्तर लिटर आणि चार माणसं, हे खरं आहे. पन्नास लिटर आणि पाच माणसं, हेही खरं आहे. सत्तर आणि पाच मात्र खोटं आहे. ते माझ्या सहीनं जाणार नाही."

"उतरा," साहेब म्हणाले.

ती उतरली. आपलं इथलं काम संपलं, असंच तिला वाटलं. साहेबांनी कोट काढून बोरवणकरच्या हातात दिला, वाकले, आणि आत शिरले. खांदे आवळून कसेबसे मध्ये पोचले. डोकं छतावर आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला; हसायची हिंमत कुणाची झाली नाही. मिस्त्रींनी शांतपणे दार लावलं.

साहेब पाच मिनिटं आत बसले. अशी पाच मिनिटं पुष्कळ असतात.

मग खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. "तो कागद द्या. आणि पेन." गुडघ्यावर कागद धरून त्यांनी सत्तरवर काट मारली आणि शेजारी पन्नास लिहिलं. "पाच राहू दे. नळी कडेनं न्या. वरची बोलणी मी खातो."

बोलणी त्यांनी खाल्ली, भरपूर खाल्ली. वरच्या मंडळींनी तीन आठवडे काम लोंबकळत ठेवलं. ते तीन आठवडे कृत्तिका नमुन्यात शिरून एकेक कोपरा चाचपत होती. प्रत्येक बोटाला विचारत होती, तू कुणाचं? आणि डिकीच्या कडेच्या अस्तरामागं तिला एक पोकळी सापडली. तिथं ना वायर होती, ना खिळा, ना माणूस. त्यातून चार लिटर निघाले. चोपन्नावर वरच्यांची मान हलली, कुरकुरत का होईना. आणि काम इथंच राहिलं.

या खेपेस तिनं पेढे वाटले नाहीत. मिस्त्रींच्या टेबलाशी जाऊन नुसती उभी राहिली.

"चार लिटर?" त्यांनी विचारलं.

"अस्तरामागं होते, काका. कुणाचेही नव्हते."

मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बस," ते म्हणाले, आणि शेजारची खुर्ची तिच्यासाठी मोकळी केली.

मोटार असो, पंगत असो की राज्य, जागा वाढल्याची बातमी कानी आली की टाळी वाजवण्याआधी एवढं जरूर पाहावं, की आखडून कोण बसलं आहे.