अस्सल मोटारीची वरात

"सरकार, तुमची मोटार नकली आहे," असं त्रिंबकशेठ भर दरबारात म्हणाला आणि वर हसलाही. चिंचखोऱ्याच्या राजेसाहेबांपुढे असं बोलायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. पण त्याचं बोलणं खोडायचं तरी कसं?

झालं होतं असं. राजेसाहेबांच्या आजोबांची, म्हणजे थोरल्या सरकारांची, एक ऐटबाज जुनी मोटार होती. तिचं काही बिघडलं की ड्रायव्हर हैबती म्हणायचा, गल्लीतला लोहार करून देईल. राजेसाहेबांना ते फार कमीपणाचं वाटे. थोरल्या सरकारांच्या मोटारीला लोहाराचा हात? छे! भाग हवा तो अस्सल, आणि तोही पेठेतल्या त्रिंबकशेठकडचाच.

हा शेठ बाहेरगावाहून आलेला, जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा खास व्यापारी. त्याचा प्रत्येक भाग म्हणे सातासमुद्रापलीकडून यायचा. दुकानाचा नियम एकच, आधी जुना भाग ठेवा, मग नवा न्या. आज भोंगा गेला, उद्या दिवे, मग दारं, गाद्या, आणि शेवटी इंजिनसुद्धा. नव्या भागांची मोटार चौघांनी ढकलल्याशिवाय सुरू होईना, पण अस्सल आहे म्हणून राजेसाहेब खूश! इकडे शेठने सगळे जुने भाग चिंच लावून घासले, तेल दिलं, एकमेकांना जोडले आणि दुकानामागे थोरल्या सरकारांची मोटार जशीच्या तशी उभी केली. ती एका किल्लीत सुरू होई. बिघडलेलं असं तिच्यात फारसं काही नव्हतंच.

आता शेठ म्हणत होता, अस्सल मोटार माझ्याकडे आहे, तुमच्याकडे उभा आहे तो सुट्या भागांचा ढीग. अस्सल हवी असेल तर नदीकाठची आमराई माझ्या नावावर करा.

राजेसाहेबांचा पारा चढला, पण तो उतरला बिचाऱ्या हैबतीवर. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय! "एकेक स्क्रू तूच काढून दिलास. आता आपलीच मोटार अस्सल आहे, हे अक्षय्यतृतीयेच्या आत या शेठच्या तोंडून वदवून घे. नाहीतर नोकरी गेली आणि राहती खोलीही गेली."

हैबतीची मुलगी ठकू. तिचं लग्न त्याच सुमारास ठरलेलं आणि मांडव पडायचा होता तो त्याच खोलीपुढे. बाप घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. पोरीने सगळं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी बापाला घेऊन ती स्वतःच दरबारात हजर झाली.

ती म्हणाली, शेठ म्हणतो ते खरं धरा, आणि थोरल्या सरकारांची अस्सल मोटार आता त्रिंबकशेठकडे आहे अशी गावात दवंडी पिटवा.

राजेसाहेब उखडले. "पोरी, शेठने तुला फोडलंय की काय?"

"फोडलं असतं तर आमराईत माझाही वाटा मागितला असता, सरकार. तुम्ही दवंडी तर पिटवा."

दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून दवंडी पिटली गेली. खुद्द राजाची कबुली! शेठने हरखून मोटारीला झेंडूची माळ घातली.

दुसऱ्या दिवशी उजाडतं न उजाडतं तोच त्याच्या दारात वधूपित्यांची ही झुंबड उडाली. का, तर थोरल्या सरकारांनी आपल्या लेकीच्या लग्नात गावाला शब्द दिला होता. ही मोटार आहे तोवर गावच्या प्रत्येक लेकीची वरात हिच्यातूनच निघेल, ड्रायव्हर आणि पेट्रोल मालकाचं. राजवाड्याने हा शब्द आजवर पाळला होता. बाहेरगावच्या शेठला हे कुठून ठाऊक असणार? तो नाही नाही म्हणत राहिला. लोक म्हणाले, मोटार अस्सल तर शब्दही अस्सल, काढा बाहेर.

त्यात ऐन लग्नसराई. पहिल्याच वरातीत गाद्यांना हळद फासली गेली, नवऱ्याचे मित्र बॉनेटवर चढून नाचले, करवलीने भोंगा वाजवून वाजवून त्याचा घसा बसवला. वरमाईने खिडकीतून पानाची पिंक टाकली, ती निम्मी दारावरच पडली. पुढच्या वरातीला दोन वधूपिते, आधी कुणाची यावरून शेठच्या दुकानातच हातघाईवर आले. शेठ मागच्या दाराने निसटला तो थेट राजवाड्यावर.

"सरकार, अस्सल मोटार तुमचीच. माझ्याकडे आहे ते नुसतं भंगार!"

राजेसाहेबांनी ते त्याच्याकडून सगळ्या दरबारापुढे पुन्हा म्हणवून घेतलं. हैबतीच्या जिवात जीव आला. शेठ घाम पुसत निघाला, तेवढ्यात ठकू पुढे झाली.

"शेठ, भंगार आहे ना? मग सरकारांना भंगाराच्या भावात द्या. काटा तुमच्याच दुकानात आहे."

शेठची आता पुरती कोंडी झाली. अस्सल म्हणावं तर उद्याची वरात दारात उभी, भंगार म्हणावं तर मोटार हातची जाते. शेवटी मोटार गेली, आणि गेली ती किलोवर.

राजेसाहेब खो खो हसत सुटले. हैबतीची नोकरी कायम, आणि किलोवर घेतलेली मोटार ठकूला आंदण! वर म्हणाले, "तुझी वरात मात्र आमच्या या अस्सल मोटारीतूनच निघेल हो, पोरी."

ठकूने हात जोडले. "नको सरकार. नव्या नवऱ्याला पहिल्याच दिवशी धक्का मारायला लावू का?"

राजेसाहेबांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं, आणि ते पुसता पुसता त्यांनी गल्लीतल्या लोहाराला बोलावणं धाडलं.